शेऱ्याचा रिकामा रकाना

शेऱ्याचा रकाना साडेतीन सेंटिमीटर रुंद होता आणि वरपासून खालपर्यंत कोरा होता. फक्त कागदाच्या तळाशी, तारखेच्या पुढे, निळ्या शाईचा एक फराटा उठला होता. लांबी साधारण आठ मिलिमीटर, डावीकडून उजवीकडे फिकट होत गेलेला. डावऱ्या माणसाचा तळवा ओल्या अक्षरावरून पुढे सरकला की असाच फराटा उठतो. तिने कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहिला. कुठे खोडरबराची खूण नव्हती, पेन टेकवून उचलल्याचा ठिपकाही नव्हता. म्हणजे काही लिहावंसं वाटलं आणि मग राहून गेलं, असंही नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

"आलं का पाकीट?" मोठ्या बाईंनी दारातूनच विचारलं.

"आलं."

"शेरे?"

"एकही नाही."

"सलग चौदा महिने!" मोठ्या बाईंनी टाळीच वाजवली. "दृष्ट लागेल अशी जोडी आहे हो तुमची. बाकीच्यांची भांडणं सोडवता सोडवता माझा जीव जातो, आणि तुमचं बघा, लोण्यातून सुरी फिरावी तसं."

ती हसली. मोठ्या बाई गेल्यावर तिने तो कोरा रकाना पुन्हा एकदा पाहिला, जसं माणूस रिकामा डबा उघडून पाहतो, आत काही नाही हे ठाऊक असूनही.

कार्यालयाचं काम रुग्णालयांच्या कागदांचं होतं. रुग्णाने घरी भरायच्या प्रश्नावल्या, औषधांसोबतच्या सूचना, असलं सगळं. इंग्रजी मजकूर तिच्याकडे येई आणि ती त्याचं कोरियन करी. मग ते कोरियन, मूळ इंग्रजी न जोडता, बंद पाकिटातून दुसऱ्या माणसाकडे जाई. तो त्याचं पुन्हा इंग्रजी करी. दर मंगळवारी पाकीट परत येई आणि मूळ इंग्रजी आणि परत आलेलं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून ताडून बघत. जुळलं तर कागद पुढे, नाही जुळलं तर पुन्हा पहिल्यापासून. वाचताना एखादा शब्द अडला तर त्या दुसऱ्या माणसाने शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहायची. एवढीच मुभा.

नियम कडक होता. दोघांनी एकमेकांचं नाव विचारायचं नाही, भेटायचं नाही, फोन करायचा नाही, निरोप तर अजिबात धाडायचा नाही. दप्तर सांभाळणाऱ्या काकांनी म्हणूनच दोघांची बारशी उरकून टाकली होती. ती 'अलीकडच्या' आणि तो 'पलीकडचे'. अकरा वर्षं तीच नावं चालली होती.

तिचं शिक्षण रसायनशास्त्रातलं. सात वर्षं तिने प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले होते. कोरियन मात्र ती कुठल्या वर्गात बसून शिकली नव्हती. तिचे वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात अभियंता. कंपनीने त्यांना तिकडे धाडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि परत आली तेव्हा पंधराची. मधली नऊ वर्षं ती त्याच भाषेत शाळेत गेली, मैत्रिणींशी भांडली, रुसली, पुन्हा बोलायला लागली. भाषा अंगात मुरली होती, पण त्या भाषेत तिच्याशी बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. बाबांना कारखान्यापुरती येत असे, ती गंजून गेली. उरले पलीकडचे. आणि ते बोलत नव्हते, एका ओळीचे शेरे लिहीत.

पहिल्या वर्षी तर त्यांनी तिला पार सळो की पळो करून सोडलं होतं. 'हा शब्द शाळकरी वाटतो. रुग्ण साठीचा आहे.' 'हे वाक्य नम्र आहे, पण इतकं की प्रश्न दिसत नाही.' एकदा नुसतं 'हं.' त्या 'हं'वर ती दोन दिवस धुमसत होती, आणि तिसऱ्या दिवशी वाक्य बदलल्यावर तिला हसू फुटलं होतं. पुढे शेरे मवाळ झाले. बागेतल्या विषारी झाडांवरची एक पुस्तिका आली तेव्हा 'सावली' या शब्दाशेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'दुपारची असावी. सकाळच्या सावलीत हे रोप जगत नाही.' म्हणजे ते रोपं लावत होते. आणि सहा वर्षांपूर्वी, जोडीदार गमावलेल्यांसाठीची एक प्रश्नावली एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी परत आली. 'रात्री घर मोठं वाटतं का?' या प्रश्नाशेजारी एक शेरा लिहून खोडलेला होता. तिने कागद तिरका धरला, दाबाचे वळ वाचले. दोनच शब्द हाती लागले. 'हो. वाटतं.'

ती बातमी तिने कुणालाही सांगितली नाही. तिच्याकडे ठेवायला दिल्यासारखी ती अजून तिच्याजवळच होती.

चार वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं होतं. "पलीकडच्यांनी एक विचारलंय. रीतसर, माझ्यामार्फत. तुमची हरकत नसेल तर त्यांना तुम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, जोडी असेपर्यंत ते जमायचं नाही. दोघांपैकी एकाला जोडीतून बाहेर पडावं लागेल. ते म्हणाले, त्या ठरवतील तसं. तेव्हा बघा तुम्ही."

"विचार करून सांगते," ती म्हणाली होती.

पहिलं वर्ष मोठ्या बाई अधूनमधून विचारत राहिल्या. मग भुवई उंचावून. मग तेही थांबलं. ती काही विचार करत नव्हती असं नाही. ती एकच विचार चार वर्षं करत होती. हो म्हटलं तर मंगळवारची पाकिटं बंद होतील. आणि समोर येणारा माणूस त्या एका ओळीपेक्षा कमी निघाला तर? किंवा तीच कमी निघाली तर? नाही म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. तेव्हा तिने दोन्ही न म्हणता मंगळवारमागून मंगळवार घालवले. आणि त्याच काळात शेरे कमी कमी होत जाऊन शेवटी थांबले. एकमेकांचं सगळंच पटायला लागल्यावर लिहायचं काय?

आजचा कागद टाके घालून घरी सोडलेल्या रुग्णांसाठी होता. बारा प्रश्न, रोज सकाळी खुणा करायच्या. सातवा प्रश्न: टाक्यांच्या भोवतालची त्वचा 'वॉर्म' आहे का?

इंग्रजीत हा शब्द म्हणजे घरगडी, सांगाल ते काम करतो. चहालाही तोच, कोटालाही तोच, स्वागतालाही तोच आणि चिघळू लागलेल्या जखमेलाही तोच. आपण काही एवढ्यावर भागवत नाही. आपलं दूध कोमट, शाल उबदार, अंघोळीचं पाणी कढत आणि कपाळ तापलेलं. कोरियनही याबाबतीत आपल्याच वळणाची. 'मिजिगुनहान' म्हणजे कोमट, ना धड गार ना गरम. 'पोगुनहान' म्हणजे मऊ उबेचं, रजईतलं, वारा पडलेल्या हिवाळ्यातल्या दिवसाचं. आणि 'तात्तुथान' म्हणजे छान उबदार, हवंहवंसं.

तिच्या खणात थर्मामीटर असे. शब्द गरमीचा असला की ती स्टीलच्या पेल्यात पाणी घेई, त्यात बोट बुडवी, आकडा बघे आणि मग शब्द ठरवी. या सवयीपायी दप्तरवाले काका तिला 'वेधशाळा' म्हणत. यावेळी मात्र पेला कामाचा नव्हता. पाण्याला जखम होत नाही. चार दिवस तिने शब्द उलटेपालटे केले आणि पाचव्या दिवशी 'तात्तुथान' लिहून टाकला. थोडा खटकला, पण तिच्या मनात आलं, कळेल. कुणाला कळेल, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

आणि कळलंच. सातव्या ओळीत पलीकडच्यांनी लिहिलं होतं, 'वॉर्म'. तंतोतंत.

* * *

घरी बाबा खुर्चीत पाय लांब करून बसले होते. पोटरीच्या फुगलेल्या शिरा काढून दहा दिवस झाले होते. डाव्या पोटरीवर तीन ठिकाणी टाके होते.

"खाली येऊन दार उघडलंत तुम्ही," ती म्हणाली. "चपला जागेवर नाहीत."

"पोलिसात का नाही गेलीस तू?" बाबा म्हणाले. "दार उघडलं, दोन पायऱ्या उतरलो, पोस्टमनशी बोललो. गुन्हा कबूल. आज मंगळवार ना? काय म्हणतायत तुझे पलीकडचे?"

"काही नाही म्हणत. सगळं जुळलं."

"मग तोंड का असं?"

"कसं?"

"अगं, निकाल चांगला लागला की तू शीळ घालायचीस शाळेत असताना. आता सगळं जुळलं म्हणतेस आणि सुतक पाळल्यासारखी उभी." त्यांनी चष्मा काढला. "उत्तर दिलंस का त्या माणसाला?"

"कुठल्या माणसाला?"

"हो ना. दारात रांगच लागलीय, कुठल्या ते मलाच आठवेना."

ती स्वयंपाकघरात गेली. कुकर लावताना तिने मनाशी नेहमीचं वाक्य जुळवलं, बाबांचं कोण बघणार. ते वाक्य चांगलं वापरात होतं. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या त्याच्या.

* * *

शुक्रवारी कागदाची शेवटची चाचणी होती. कागद छापायला देण्याआधी ती भाषा बोलणाऱ्या पाच साध्या माणसांपुढे ठेवायचा, त्यांना खुणा करू द्यायच्या आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचा, अशी पद्धत होती. चौघं भराभर उरकून गेले. पाचव्या एक आजी होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. गुडघ्याला टाके घालून आठवडा झाला होता. काठी टेकत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "मुली, अक्षर मोठं केलंस हे बरं केलंस. एरवी मला वाटतं डॉक्टरला आपण वाचलेलंच नको असतं."

सातव्या प्रश्नावर आजींनी ठसठशीत 'नाही' अशी खूण केली.

"हा प्रश्न काय विचारतोय, तुमच्या शब्दांत सांगा ना," ती म्हणाली.

"विचारतोय की जखमेला बरं वाटतंय का, छान उबेत आहे का," आजी म्हणाल्या. "छे गं! कसली ऊब आणि कसलं काय. चार दिवस नुसती फणफणतेय. हुक्कुन-हुक्कुन." शेवटचा शब्द त्यांनी हाताने हवेत उकळी आणून दाखवत म्हटला. "पण ते कुठं विचारलंय? विचारलं असतं तर सांगितलं नसतं का!"

तिने पेन खाली ठेवलं. "आजी, मी जरा बघू?"

घागरा थोडा वर घेऊन आजींनी गुडघा दाखवला. टाक्यांभोवती तळहाताएवढा भाग लाल आणि ताणलेला होता. तिने बोटांची मागची बाजू टेकवली आणि लगेच काढली. थर्मामीटरची गरज नव्हती.

पंधरा मिनिटांत आजींच्या मुलाला फोन गेला, अर्ध्या तासात ते दोघं रुग्णालयाच्या वाटेला लागले. जाताना आजींनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "तू कुठे वाढलीस? आमच्या गल्लीतल्या पोरींसारखी बोलतेस." कितीतरी वर्षांत असं कुणी तिला विचारलं नव्हतं. पण उत्तर देताना तिच्या डोळ्यांसमोर ती 'नाही'ची खूण होती. कागद छापला गेला असता, आजी घरी रोज सकाळी चष्मा लावून तीच खूण करत राहिल्या असत्या, आणि कागदाने रोज सांगितलं असतं, सगळं ठीक आहे.

* * *

चूक तिची होती, हे उघड होतं. ती सरळ मान्य करायची तिला सवय होती. प्रयोगशाळेत चूक झाली तर वहीत लाल रेघ मारून खाली सही करत. पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो बसेना. पाकीट जातंच मुळी चूक पकडायला. 'तात्तुथान' वाचून कुणीही नवखा माणूस 'हवीहवीशी उबदार' असंच इंग्रजी करता, आणि शेरा लिहिता, जखमेला हे कसं? पहिल्या वर्षीच्या पलीकडच्यांनी तर तिला सोलून काढलं असतं. मग या वेळी त्यांना तो शब्द का नाही अडला?

शनिवारी अर्धा दिवस कार्यालय असे. ती दप्तरात गेली.

"काका, अकरा वर्षांची पाकिटं हवीत."

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "अलीकडच्या, बऱ्या आहात ना? वेधशाळेत भूकंप?"

"सगळी काढा. मी लावून ठेवीन परत."

"तुम्ही लावाल, आणि माझ्याहून नीट लावाल, हाच तर माझा त्रास आहे," असं पुटपुटत काकांनी शिडी ओढली.

तिने पद्धतशीर मोजलं. दर शंभर वाक्यांमागे किती शेरे. पहिल्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षी सात. सहाव्या वर्षी चार. नवव्या वर्षी एक. गेले चौदा महिने शून्य. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून तिने ते जोडले. रेघ एकसारखी उतरत आली होती आणि शेवटी तळाला टेकून आडवी पडली होती.

पण रेघ उतरली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तिचं काम सुधारलं म्हणूनही शेरे कमी होतील. तेव्हा तिने गेल्या वर्षातली तीस वाक्यं डोळे मिटून काढली आणि आपण कुणी दुसऱ्या आहोत, ही बाई आपल्या ओळखीची नाही, असं ठरवून वाचली. तीन वाक्यं अडली. एकात पट्टी 'घट्ट' आहे का हे विचारताना तिने अरुंद खोलीसाठीचा शब्द वापरला होता. कुठल्याही परक्या वाचकाने तिथे थांबायला हवं होतं. पलीकडचे थांबले नव्हते. त्यांनी बरोबर तोच इंग्रजी शब्द लिहिला होता, जो तिच्या पुढ्यात होता आणि त्यांच्या पुढ्यात कधीच नव्हता.

ती खुर्चीत मागे टेकली. शिडीच्या पायाशी उन्हाचा चौकोन सरकत होता.

म्हणजे ते तिचं कोरियन वाचतच नव्हते आता. तिला वाचत होते. तिला काय म्हणायचंय, ती कुठे अडली असेल, कुठला शब्द नाइलाजाने घेतला असेल, हे त्यांना शब्दाच्या आधी कळत होतं. आणि तीही कळेल म्हणून लिहीत होती. अकरा वर्षांत एकदाही भेट नाही, आवाज ठाऊक नाही, आणि दोघं इतकी जवळ आली होती की त्यांच्यामधून आजींचा गुडघा निसटून गेला.

तिने आलेखाकडे पाहिलं. तिला कुणी पत्रं लिहिली नव्हती कधी, तसा योगच आला नाही. ही रेघ मात्र होती, आणि ती तिनेच, पट्टी लावून, काढली होती. तिला रडू येतंय असं वाटलं, पण कागद दप्तरातले होते म्हणून ती जरा मागे सरकून बसली.

* * *

रविवारी सकाळी तिने बाबांची पट्टी बदलली. हात धुऊन आली आणि टाक्यांच्या बाजूला बोटं टेकवली.

"स्स! बर्फ विकून आलीस का?" बाबा ओरडले. "गरम आहे का पाय?"

"गरम लागतोय," ती घाबरून म्हणाली. आजींचा गुडघा अजून तिच्या बोटांत होता.

"तुझ्या असल्या हाताला भिंतसुद्धा गरम लागेल. हा दुसरा पाय बघ की. त्याला काही झालेलं नाही ना?"

तिने उजव्या पोटरीवर तिथेच बोटं टेकवली. मग पुन्हा डावीवर. पुन्हा उजवीवर. दोन्ही सारख्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही माझं चार दिवसांचं काम केलंत." विशेषणाची गरजच नव्हती. टाक्यांच्या बाजूला हात लावा. आता दुसऱ्या बाजूला त्याच जागी हात लावा. टाक्यांची बाजू जास्त गरम लागते का? हे कुठल्याही भाषेत नेता आलं असतं आणि आजींनी पहिल्या दिवशीच 'हो' म्हटलं असतं.

"मग पगार दे," बाबा म्हणाले. पण ती हसली नाही. तिने मग त्यांना सगळं सांगितलं. आजी, तीन वाक्यं, आलेख. बाबांनी आयुष्यभर जहाजांचे सांधे तपासले होते, कुठलं जोडकाम धरेल आणि कुठलं सुटेल ते.

"म्हणजे जोडी मोडायला हवी," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"हे तुला कालच कळलं."

"हो."

"मग रात्रभर कूस का बदलत होतीस?"

ती पट्टीचं टोक चिकटवत राहिली. "जोडी मोडली की मंगळवार संपला, बाबा. आणि चार वर्षं झाली त्या विचारण्याला. एवढ्या काळात माणूस तिथेच उभा असतो थोडाच? त्यांनी सोडूनही दिलं असेल. नुसतं कामापुरतं पटत असेल आता. मग माझ्याकडे हेही नाही आणि तेही नाही."

"असं होऊ शकतं," बाबा म्हणाले. त्यांनी खोटा धीर कधीच दिला नव्हता. "पण एक कर. जे सांगायचं ते सांग, फक्त माझं नाव पुढे करू नकोस. चार वर्षं माझ्या आडून वेळ काढलास. मी काही बोललो नाही, म्हटलं, म्हाताऱ्याचा तेवढा तरी उपयोग. पण आता पाय बरा झालाय माझा. दोन्ही सारखे आहेत, तूच बघितलंस."

* * *

सोमवारी ती दहा मिनिटं लवकर पोचली. मोठ्या बाई अजून पर्स टेबलावर ठेवत होत्या. तिने सातव्या प्रश्नाचं नवं वाक्य पुढे ठेवलं, मग फेरतपासणीला घ्यायच्या तीन वाक्यांची यादी, मग आलेख.

"आजींचा फोन आला होता," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलाने केला. औषध सुरू झालंय, वेळेत गेल्या म्हणे. बसा. हे काय आणलंत?"

तिने समजावून सांगितलं, तुटक, आकड्यांसह. मोठ्या बाईंचं बोट रेघेवरून उतरत उतरत तळाला आलं आणि तिथेच थांबलं.

"मी याला चौदा महिने टाळ्या वाजवत होते," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा खूश होते. म्हणजे, तसं नाही. पण संशय नाही आला."

"नियम मीच वाचून दाखवते सगळ्यांना. ओळख झाली की माणूस शब्द वाचायचं सोडतो. पण मला वाटायचं, ओळख व्हायला भेटावं लागतं." त्यांनी आलेख उलटा ठेवला, जणू तो कुणाचा खासगी कागद होता. "एक मार्ग आहे. या तीन वाक्यांपुरता तिसरा माणूस देते. तुमची जोडी राहू दे. अकरा वर्षांचं काम आहे, एका शब्दापायी..."

मंगळवार उद्यावर आला होता. तिला पाकीट दिसलं, त्याचा तपकिरी कागद, तळाशी आठ मिलिमीटरचा निळा फराटा. फक्त मान हलवली असती तरी ते उद्या आलं असतं आणि पुढच्या मंगळवारीही.

"नाही," ती म्हणाली. "मी त्यांना लिहू नये आणि त्यांनी मला वाचू नये. कागदासाठी तरी."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग कोण बाहेर पडतंय? त्यांना काय कळवू मी?"

"मी पडते. दुसऱ्या कुणाबरोबर लावा मला, खूप भांडणाऱ्या कुणाबरोबर." तिचे हात गार पडले होते. तिने ते टेबलाच्या कडेवर ठेवले, दोन्ही, शेजारी शेजारी. "आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्यामार्फत एक विचारलं होतं. त्याचंही सांगायचं राहिलंय माझं."

"मला वाटलं, ते तुम्ही विसरलात."

"नाही विसरले," ती म्हणाली. "त्यांना सांगा, मला भेटायचंय."